मंद प्रकाशातील पिस्तूल नेमबाजी: आठ आठवड्यांच्या सरावाच्या नोंदी

डिसेंबरमधील एका स्पर्धेत माझी डिटेल (एका वेळी नेम मारणाऱ्या स्पर्धकांची तुकडी) दिवसातली शेवटची होती. 25 मीटरच्या उघड्या रेंजवर सूर्य कलल्यावर आमची सुरुवात झाली आणि शेवटच्या दोन मालिका तिन्हीसांजेला आल्या. पाच-पाच गोळ्यांच्या पहिल्या चार मालिकांत मला 46 च्या आसपास गुण होते; पाचवीत 41 मिळाले आणि सहावीत 39. छिद्रे विखुरलेली नव्हती, सगळी खाली सरकली होती. हात बिघडला असता तर छिद्रे चहूकडे गेली असती, म्हणून दोष डोळ्यात किंवा नेम धरण्याच्या पद्धतीत असावा असे वाटले, आणि तो शोधण्यासाठी हा सराव हाती घेतला. सगळे काम रेंजच्या परवानगीने आणि रेंज ऑफिसर हजर असतानाच केले आहे. आधी 10 मीटरवर एअर पिस्तूल आणि शेवटी 25 मीटरवर .22 पिस्तूल, असा क्रम ठेवला.

6 जानेवारी

पहिला दिवस प्रकाशयोजनेतच गेला आणि एकही पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) सुटला नाही. नियमांप्रमाणे 10 मीटरच्या बंदिस्त रेंजवर लक्ष्यावर किमान 1500 लक्स (लक्स म्हणजे प्रकाशाचे माप) प्रकाश लागतो, आणि मला तो 60 लक्सच्या आसपास आणायचा होता. त्यासाठी डिमर विकत आणला, पण रेंजवरील एलईडी दिवे डिमरसाठी बनवलेलेच नव्हते. निम्म्याखाली आणताच ते फडफडू लागले आणि पंधरा मिनिटांत माझे डोके दुखायला लागले. डिमरचा खर्च वाया गेला. ज्यांना हा सराव करायचा आहे त्यांनी आधी दिव्याच्या खोक्यावर तो मंद करता येतो की नाही ते वाचावे.

9 जानेवारी

डिमर बाजूला ठेवून लक्ष्याचे दिवे बंदच केले आणि एक साधा दिवा मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे भिंतीवरून परतलेला मऊ प्रकाशच लक्ष्यावर पडेल. दिवा भिंतीपासून दूर नेला की प्रकाश झपाट्याने कमी होतो, त्यामुळे जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून तीन पातळ्या ठरवल्या: लक्ष्यावर 200, 60 आणि 20 लक्स. मोजमाप सुरुवातीला फोनवर केले होते, पण दोन फोन एकाच जागी 48 आणि 85 दाखवू लागले तेव्हा एका छायाचित्रकार मैत्रिणीकडून लक्समीटर मागून आणला. फोन आणि मीटर यांच्या फरकात आणखी एक संध्याकाळ गेली.

11 जानेवारी

पायाभूत नोंद. पूर्ण प्रकाशात दहा-दहा पेलेटच्या तीन मालिका: 93, 92, 94. त्यानंतर 60 लक्सवर तीन मालिका: 85, 82, 84. लक्ष्याचे कागद एकावर एक ठेवून प्रत्येक छिद्राचे केंद्रापासूनचे अंतर पट्टीने मोजले. डावे-उजवे पसरणे जवळपास पूर्वीइतकेच होते, पण मंद प्रकाशातल्या ग्रुपचा, म्हणजे छिद्रांच्या झुबक्याचा, मध्य सुमारे 11 मि.मी. खाली होता. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर एक वलय 8 मि.मी. रुंद असते, म्हणजे दीड वलयाएवढा घसरा. स्पर्धेत जे झाले तेच इथे पुन्हा घडवता आले याचे मला खरोखर समाधान वाटले, कारण पुन्हा घडवता येणारा दोष दुरुस्त करता येतो.

14 जानेवारी

आज चुकीच्या वाटेने गेले. अंधारात वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे, कारण डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतात, हे मी वाचले होते आणि ते खरेही आहे. अर्धा तास अंधारात बसून डोळे सरावू दिले आणि मग फ्रंट साइटच्या थोडे वर पाहत नेम धरला. (फ्रंट साइट म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची पट्टी; ती मागच्या रिअर साइटच्या खाचेत मधोमध आणि समतल दिसली की नेम बरोबर.) तीन मालिकांत 71, 74, 69. साइटच्या कडा लोण्यासारख्या वितळल्यासारख्या दिसत होत्या.

प्रशिक्षकांना कागद दाखवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “तू चांदण्यात नेम धरतेस का?” त्यातच उत्तर होते. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. 60 लक्सवर, अगदी 20 लक्सवरही, डोळ्याचा मध्यच काम करतो आणि बारीक कडा फक्त त्या मध्यालाच नीट दिसतात. बाजूला पाहून मी डोळ्याचा सर्वांत तीक्ष्ण भागच वाया घालवत होते. ती युक्ती वाटेवरचा माणूस किंवा दगड ओळखण्यासाठी आहे, खाचेतली पट्टी समतल करण्यासाठी नाही.

तेव्हापासून उजेडातून आत आल्यावर फक्त दहा मिनिटे थांबते, आणि त्या दहा मिनिटांत फोन पाहत नाही. एकदा मध्येच एक निरोप वाचला तर पुढच्या तीन-चार शॉटमध्ये लक्ष्याच्या मधल्या काळ्या गोलावर फोनच्या पडद्याची फिकट चौकट तरंगत राहिली.

17 जानेवारी

ही नोंद लिहायला जड जाते, पण ती लिहिलीच पाहिजे. चौथ्या मालिकेनंतर विश्रांतीसाठी पिस्तूल टेबलावर ठेवले. नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) घातला आहे अशी माझी खात्री होती. माझा फ्लॅग नारिंगी रंगाचा आहे; भर प्रकाशात तो दहा पावलांवरून दिसतो, पण त्या मंद प्रकाशात तो करड्या टेबलावर चटकन वेगळा दिसत नव्हता. परत आल्यावर पिस्तूल उचलण्याआधी बोटाने चाचपले तेव्हा लक्षात आले की फ्लॅग टेबलावर शेजारी पडला आहे आणि नळीत पेलेट भरलेला आहे. पिस्तुलाचे तोंड लक्ष्याच्या दिशेनेच होते आणि कोणी पुढे गेले नव्हते. तरीही मी त्या संध्याकाळी सराव तिथेच थांबवला आणि रेंज ऑफिसरना स्वतः जाऊन सांगितले.

भरलेले पिस्तूल मी खाली ठेवलेच कसे, याचा शांतपणे विचार केला. त्या शॉटला नेम नीट दिसेना म्हणून हात खाली घेतला होता, आणि दोन-तीनदा असे झाल्यावर शॉट सुटला की नाही याची आठवणच पुसट झाली होती. उजेडात अशा वेळी डोळा आपसूक तपासणी करतो. मंद प्रकाशात तो आधार जातो, आणि आपण सवयीने मात्र त्याच्यावरच विसंबून राहतो.

20 जानेवारी

रेंज ऑफिसरबरोबर बसून नवी पद्धत ठरवली. पिस्तूल हातातून खाली ठेवण्यापूर्वी ते रिकामे करायचे, कोठी (पेलेट किंवा काडतूस बसते ती जागा) उघडी ठेवायची आणि आत करंगळीचे टोक लावून ती रिकामी असल्याचे स्पर्शाने तपासायचे. त्यानंतर फ्लॅग पूर्ण नळीभर घालून त्याचे टोक बाहेर दिसते का ते पाहायचे, आणि हे सर्व तोंडाने मोठ्याने म्हणायचे. कोणीही नेमबाजांच्या रेषेपुढे जाण्यापूर्वी सगळे दिवे पूर्ण लागले पाहिजेत, अपवाद नाही. फ्लॅगच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. मंद प्रकाशात रंगापेक्षा उजळपणाचाच उपयोग जास्त असतो.

भरण्यासाठी डोक्यावर लाल झाकणाचा छोटा दिवा लावला, कारण लाल प्रकाशाने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही. त्याची एक अडचण लगेच कळली: मी गुण लाल पेनाने लिहीत असे, आणि लाल दिव्याखाली वहीचे पान कोरे दिसू लागले. आता काळे पेन वापरते.

25 जानेवारी

काळी फ्रंट साइट काळ्या गोलापुढे हरवते, मग तिला पांढरा ठिपका द्यावा, हा विचार बहुतेक सगळ्यांना सुचतो आणि मलाही सुचला. धुऊन निघणारा पांढरा रंग काडीच्या टोकाने साइटच्या मागील अंगावर, वरच्या कडेखाली दीड मि.मी. अंतरावर लावला. ठिपका छान दिसत होता आणि तेच नडले. डोळा वरची कड सोडून ठिपक्यावर बसला, ठिपका जिथे कड असायला हवी तिथे आला, म्हणजे नळी तेवढी वर उचलली गेली आणि छिद्रे वर गेली. शिवाय ठिपक्याला समतल कड नसल्यामुळे खाचेतली डावी-उजवी फट सारखी आहे की नाही हेही समजेना. दोन संध्याकाळी आणि 120 पेलेट खर्ची घालून रंग पुसून टाकला.

पुसल्यावर साइटची कड जागोजागी चकाकत होती. मेणबत्तीच्या काजळीवर क्षणभर धरून तिला पुन्हा मंद काळी केली, आणि तेवढ्यानेच कड आधीपेक्षा स्पष्ट झाली. पिस्तूल रिकामे करून आणि साइट काढता येत असल्यास काढूनच हे करावे.

31 जानेवारी

आजचा दिवस चष्म्याचा. प्रकाश कमी झाला की बाहुली मोठी होते. भर उजेडातल्या दोन मि.मी.ची ती गडद अंधारात सात-आठ मि.मी. होऊ शकते. बाहुली मोठी झाली की एकाच वेळी जवळचे आणि दूरचे स्पष्ट दिसण्याची पट्टी अरुंद होते, आणि साइट व लक्ष्य यांतले एक धूसर होणारच. माझ्या नेमबाजीच्या चष्म्यावर आयरिस आहे, म्हणजे लहान-मोठे करता येणारे छिद्र. ते लहान केले की दोन्ही स्पष्ट होतात, पण आत येणारा प्रकाशही कमी होतो.

उजेडातली माझी 1.2 मि.मी.ची सवय मी 60 लक्सवर तशीच ठेवली होती. चित्र रेखीव होते, पण कोळशाच्या खोलीत पाहिल्यासारखे. छिद्र थोडे-थोडे वाढवत गेले आणि दर वेळी एक मालिका मारली: 1.5 वर 86, 1.75 वर 88, 2 वर 89, 2.5 वर मात्र 85. दोन मि.मी.वर गोल धूसर होता, पण साइटची कड टिकत होती, आणि टिकायला हवी तीच. साइटची चूक कोनात वाढते: साइट-त्रिज्या (फ्रंट आणि रिअर साइटमधले अंतर) 320 मि.मी. असेल आणि खाचेत फ्रंट साइट अर्धा मि.मी. सरकली, तर 10 मीटरवर छिद्र सुमारे साडेपंधरा मि.मी. हलते; उलट साइट समतल राहून सगळा हात 5 मि.मी. हलला, तर छिद्रही 5 मि.मी.च हलते. म्हणून धूसर गोल सोसतो, धूसर साइट सोसत नाही.

4 ते 12 फेब्रुवारी

नऊ दिवस एकही पेलेट मारला नाही. पांढऱ्या भिंतीसमोर, गोल नसलेल्या कोऱ्या जागेवर, 20 लक्सवर रोज चाळीस मिनिटे ड्राय प्रॅक्टिस (गोळी न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव) केली. एअर पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय असते; .22 पिस्तूल मात्र रिकाम्या कोठीवर वारंवार चालवू नये, कारण अनेक मॉडेलमध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी पिन) कोठीच्या काठावर आदळून दोन्हीला इजा होते, त्यासाठी नकली काडतूस वापरावे.

फोनने काढलेले चित्रीकरण पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली जी मला हातात कधीच जाणवली नव्हती. उजेडात मी शॉट सहा-सात सेकंदांत सोडते. मंद प्रकाशात तेरा-चौदा सेकंद धरून राहत होते, कडेची वाट पाहत होते, आणि ती क्षणभर स्पष्ट दिसली की ट्रिगर ओढून घेत होते. 500 ग्रॅमचा ट्रिगर असा ओढला की पिस्तुलाचे तोंड खाली झुकते. दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर हात खाली, असा नियम केला. पहिल्या दिवशी चाळीसपैकी एकोणीस वेळा हात खाली घ्यावा लागला, नवव्या दिवशी सहा वेळा. डोळे आणि खांदा दोन्ही याने वाचतात.

15 फेब्रुवारी

खाली सरकण्याचे मूळ आज हाती लागले. मी वर्षानुवर्षे साइटची वरची कड आणि काळ्या गोलाची खालची कड यांच्यात केसाएवढी पांढरी फट ठेवत आले. ती लक्ष्यावर मोजली तर चार-पाच मि.मी. भरते. सामान्य नजर उत्तम प्रकाशात साधारण एका मिनिटाचा कोन वेगळा ओळखते, आणि 10 मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे 3 मि.मी. माझी फट भर उजेडातही नजरेच्या सीमेजवळच होती. प्रकाश कमी होताच ती दिसेनाशी होई, काळ्यात काळे मिसळे, आणि ती पुन्हा दिसेपर्यंत हात नकळत खाली उतरे. अकरा मि.मी.चा घसरा तिथून आला होता.

आधी मी सोपा उपाय केला: साइट पाच क्लिक (तिच्या स्क्रूचे टप्पे) वर घेतली. 60 लक्सवर 90 गुण आले, पण 20 लक्सवर छिद्रे पुन्हा खाली गेली आणि 200 वर ती चक्क वर चढली. तिन्हीसांजेला प्रकाश दर मिनिटाला बदलतो, तेव्हा दर मिनिटाला क्लिक कोण मोजणार?

खरा उपाय फट रुंद करण्याचा होता. गोलाखालच्या पांढऱ्या जागेच्या साधारण मध्यावर, काळ्याच्या कडेपासून पंचवीस-तीस मि.मी. खाली नेम धरायचा आणि त्या जागेसाठी पूर्ण प्रकाशात साइट एकदाच बसवायची. आता साइटची कड काळ्याला टेकतच नाही, पांढऱ्यावर उभी राहते, आणि पांढऱ्यावर काळी कड 20 लक्सवरही दिसते. फट दोन-तीन मि.मी. कमी-जास्त झाली तरी छिद्र तेवढेच हलते. पहिल्या दोन संध्याकाळी मला कशाचाच आधार वाटेना आणि पूर्ण प्रकाशातही 88-89 पडले. तिसऱ्या संध्याकाळी पूर्ण प्रकाशात 93, 60 लक्सवर 91, 20 लक्सवर 88.

20 फेब्रुवारी

टॉर्चचा प्रयोग रेंज ऑफिसरच्या देखरेखीखाली केला, कारण अनेक जण त्याबद्दल विचारतात. उजव्या हातात पिस्तूल, डाव्या हातात टॉर्च, शरीरापासून दूर. टॉर्च साइटच्या मागे राहिली की तिचा प्रकाश रिअर साइटच्या पाठीवर पडतो, खाच राखाडी होऊन चकाकते आणि कड जाते. टॉर्च पुढे, साइटच्या रेषेच्या पलीकडे धरली की साइट उजळ लक्ष्यावर काळी आकृती बनून उत्तम दिसते, पण डावा हात नळीच्या तोंडाच्या जवळ सरकू लागतो, आणि तो धोका कोणत्याही गुणासाठी पत्करण्याजोगा नाही. टॉर्चच्या वजनाने खांदे वळून छिद्रेही डावीकडे गेली. वीस शॉटनंतर हा प्रयोग बंद केला. टॉर्च लक्ष्य ओळखण्यासाठी आणि कोठी तपासण्यासाठी हातात असावी. जे लक्ष्य आणि त्याच्या मागचे काय ते दिसत नाही त्यावर गोळी सोडायचीच नाही, हा नियम अंधारात सर्वांत आधी येतो.

27 फेब्रुवारी

उघड्या रेंजवर, 25 मीटर, .22 पिस्तूल, सूर्यास्तानंतर. स्वच्छ आकाशात सूर्य मावळताना उघड्यावर सुमारे 400 लक्स असतात आणि सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत ते 3-4 लक्सवर येतात; ही उतरण अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपते, म्हणून एकूण पाच मालिकांनाच वेळ मिळाला. 25 मीटरच्या लक्ष्यावर वलय 25 मि.मी. रुंद आणि काळा गोल 200 मि.मी.चा असतो. रुंद फट त्याच प्रमाणात ठेवली आणि साइट दुपारीच बसवून घेतली होती.

गुण: 46, 47, 45, 45, 42. शेवटच्या मालिकेत मीटर लक्ष्यापाशी 14 लक्स दाखवत होता. छिद्रे खाली नव्हती, थोडी उजवीकडे सरकली होती, आणि त्याचे कारण लगेच दिसले: पश्चिमेची उजळ किनार डावीकडून रिअर साइटच्या खाचेवर पडत होती, उजवी फट रुंद भासत होती आणि ती बरोबर करायला मी नकळत मनगट वळवून फ्रंट साइट उजवीकडे नेत होते. टोपीच्या काठाला डावीकडे काळ्या पुठ्ठ्याची पट्टी टाचून शेवटचे तीन शॉट मारले. तिन्ही पुन्हा मध्यावर आले.

2 मार्च

आतापर्यंत 1,180 पेलेट, 75 काडतुसे, सव्वीस संध्याकाळी. त्यांतल्या सात डिमर, फोनचे मोजमाप, बाजूला पाहणे, पांढरा ठिपका आणि टॉर्च यांत गेल्या. काळ्या पुठ्ठ्याची पट्टी स्पर्धेत चालेल का, आणि चालत असल्यास तिची लांबी किती असावी, हे नियमपुस्तकात पाहून पुढच्या सरावाआधी रेंज ऑफिसरकडून तपासून घ्यायचे आहे. 10 लक्सवरचा सराव गुरुवारी सुरू करते, फ्लॅगची पांढरी टोके नव्याने गुंडाळून.